उंचावलेल्यांचा बुजरेपणा

काझुओ इशिगुरो यांची 'क्लारा अँड द सन' ही इंग्रजी कादंबरी २०२१ साली प्रसिद्ध झाली. इशिगुरो यांना २०१७ चे नोबेल मिळालेले असल्यामुळे तिची चर्चा भरपूर झाली. पण ती बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : यंत्राला मन असते काय? आपल्यालाही मन असते हे ज्यांना कधी कुणाला पटवून द्यावे लागले नाही, त्यांना यंत्राच्या मनाचे कुतूहल परवडते. मला मात्र या कादंबरीत यंत्रापेक्षा मुले अधिक महत्त्वाची वाटली. त्यातही जी मुले जन्माने सुस्थितीत आहेत, वर विज्ञानाने आणखी उंच करून घेतलेली आहेत, आणि तरीही चार माणसांत ज्यांना धड बसता-बोलता येत नाही, ती मुले. त्यांच्या या अवघडलेपणाकडे आपल्या बाजूने पाहिले तर काय दिसते, ते मांडण्यासाठी हा लेख आहे.

कादंबरीचा काळ भविष्यातला आणि देश अमेरिका. तेथे ऐपतदार घरांतल्या मुलांच्या जनुकांत फेरफार करून त्यांची बुद्धी वाढवली जाते. अशा मुलांना 'लिफ्टेड' म्हणतात. आपण 'उंचावलेली' म्हणू. हा उपचार जिवावर बेतू शकतो. जोसी ही चौदा वर्षांची मुलगी त्यामुळेच आजारी आहे आणि तिची बहीण सॅल त्यामुळेच मरण पावली आहे. एक मुलगी गमावूनही आईने दुसरीला त्याच वाटेने नेले, कारण न नेण्याची भीती त्याहून मोठी होती. शेजारच्या घरात रिक राहतो. तो हुशार आहे, स्वतःच्या हाताने उडते यांत्रिक पक्षी बनवतो. पण त्याच्या आईने त्याला उंचावून घेतले नाही. त्यामुळे महाविद्यालयांची दारे त्याला जवळजवळ बंद आहेत. एकच नावाजलेली संस्था उंचावलेल्या नसलेल्यांना घेते आणि तेही शेकडा दोनपेक्षा कमी. उंचावलेली मुले शाळेत जात नाहीत. घरी बसून पडद्यावरच्या प्राध्यापकांकडून शिकतात. सोबतीला दुकानातून आणलेला कृत्रिम मित्र किंवा मैत्रीण. क्लारा ही जोसीची अशी यंत्र-मैत्रीण, आणि सारी कथा तीच सांगते.

येथे एका शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते. 'उद्धार' या शब्दाचा मूळ अर्थ वर उचलणे, वर काढणे. गेल्या शतकात आपल्याकडे अस्पृश्योद्धाराचे फार मोठे पीक आले होते. उचलणारे वरचे, उचलले जाणारे आम्ही. इशिगुरोंच्या जगात प्रथमच वरच्यांनी स्वतःच्याच पोरांचा उद्धार करून घेतला आहे, आणि तोही रोख पैसे मोजून. मराठीत 'आईबापांचा उद्धार करणे' याचा आणखी एक अर्थ आहे. सॅलच्या मरणाचा विचार करताना तोही आठवल्याशिवाय राहत नाही.

आता त्या प्रसंगाकडे वळतो, ज्याच्यामुळे ही कादंबरी मला आपल्या पानांवर चर्चा करण्याजोगी वाटली. घरात कोंडून वाढलेल्या या मुलांना माणसांत वागण्याची सवय नाही. पुढे महाविद्यालयात त्यांचे कसे होणार, या चिंतेने आया पाळीपाळीने एकेका घरी मेळावे भरवतात. त्याला 'इंटरॲक्शन मीटिंग' असे भारदस्त नाव आहे. म्हणजे पाण्यात न उतरता पोहण्याचे शिक्षण. बायका एकीकडे, मुले दुसरीकडे. जोसीच्या घरी असा मेळावा भरतो. जोसीला तो नकोसा आहे. पण तिने रिकला आग्रहाने बोलावले आहे, आणि तो येतो.

दारातच बायका त्याला न्याहाळतात. त्याच्याशी गोड बोलतात, कौतुक करतात आणि त्या कौतुकातूनच तो कोण आहे हे त्याला कळवतात. मुलांची तऱ्हा वेगळी. एक पोरगा सोफ्यावर पाय पसरून बसला आहे, कुणाला काय बोलावे हे नीट सुचत नाही, विनोद अर्ध्यावर पडतात. मग या अवघडलेल्या पोरांना एक विषय सापडतो : क्लारा. ही जुन्या बनावटीची आहे. नव्या बनावटीच्या यंत्रांना हवेत भिरकावले तरी ती पायांवर उभी राहतात म्हणे. हिला फेकून पाहू या. हात पुढे होतात. जोसी, जिचा क्लारावर जीव आहे, तीही त्यांना अडवीत नाही. नवी बनावट घेतली असती तर बरे झाले असते, अशा अर्थाचे काहीतरी बोलून हसते. थांबवतो तो रिक. त्या खोलीत ज्याचा दर्जा सर्वांत कमी, तोच.

नुसता उर्मटपणा किंवा नुसता लाजाळूपणा दाखवणे फारसे अवघड नसते. इशिगुरोंनी या दोहोंचा सांधा दाखवला आहे. मुले अवघडलेली आहेत म्हणून एकमेकांकडे पाहू शकत नाहीत. आणि एकमेकांकडे पाहता येत नाही म्हणून सर्वांना मिळून खाली पाहता येईल असे काहीतरी त्यांना लागते. खाली पाहताच अवघडलेपण जाते, आवाज मोकळे होतात, आपण एक आहोत असे वाटू लागते. जातीच्या माणसांना जात कशी उपयोगी पडते, याचे इतके स्वच्छ चित्र जातीचा उच्चारही न करता रेखाटलेले मी क्वचितच वाचले आहे. लग्नाच्या मांडवात, कचेरीच्या चहाच्या टेबलावर, वसतिगृहाच्या व्हरांड्यात अनोळखी सवर्ण माणसे एकमेकांशी पहिल्यांदा मोकळी कशावर होतात, हे आपल्यापैकी ज्यांनी कान देऊन ऐकले आहे त्यांना त्या खोलीतले हसणे ओळखीचे वाटेल. विषय बहुधा आरक्षणाचा असतो.

पण येथेच माझा कादंबरीशी, निदान तिच्या निवेदकाशी, वाद सुरू होतो. क्लारा या मुलांविषयी आपला निवाडा देते. तो थोडक्यात असा की ही मुले आडदांडपणे वागली तरी मनाने वाईट नसतील. त्यांना एकटेपणाची भीती वाटते आणि म्हणून ती तशी वागतात. निवाडा दयाळू आहे. वाचकाला तो आवडतो, कारण तो वाचकालाही माफ करतो. मी तो स्वीकारू शकत नाही. या साऱ्या पुस्तकात सर्वांत एकटा मुलगा कोण? रिक. त्याला मेळावे नाहीत, पडद्यावरचे प्राध्यापक नाहीत, यंत्र-मित्र नाही. आई आहे, तीही खचलेली. एकटेपणाने माणूस क्रूर होत असेल तर क्लाराला भिरकावण्यात पहिला हात रिकचा असायला हवा होता. तसे होत नाही. म्हणजे एकटेपणा हे कारण नव्हे. त्या मुलांपाशी एकटेपणाबरोबर आणखी एक गोष्ट आहे, जी रिकपाशी नाही : आपण वरचे आहोत ही खात्री. भीतीला ती खात्री मिळाली की तिचे हात पुढे येतात.

आणि तो एकटेपणा तरी आला कोठून? तो आभाळातून पडलेला नाही. रिकसारख्यांपासून वेगळे राहता यावे यासाठीच ही घरे, हे पडदे, ही शेकडा दोनची चाळणी उभारलेली आहे. भिंत आपणच घालायची आणि मग आत बसून करमत नाही म्हणून सहानुभूती मागायची, असा हा व्यवहार आहे.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले आणि जे त्यांना तेथे करू दिले गेले नाही, त्या 'जातिनिर्मूलना'त हे दोन्ही धागे आहेत. आदर्श समाजात एका गटातला बदल दुसऱ्या गटापर्यंत पोचवणाऱ्या वाटा मोकळ्या असल्या पाहिजेत, परस्परसंपर्क विविध आणि अनिर्बंध असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. सामाजिक अभिसरण म्हणतात ते हेच. जोसीच्या घरचा मेळावा म्हणजे या अभिसरणाचे नेमके उलटे रूप. वेगळे राहिल्याने जे बिघडले ते आपल्यासारख्यांनाच पुन्हा एकत्र बसवून दुरुस्त करायचे!

दुसरा धागा सुप्रजननाचा. जातिव्यवस्थेने वंश शुद्ध आणि सुदृढ राखला, असे त्या काळी विज्ञानाच्या नावाने सांगणारे होते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. तेव्हा अमेरिकेत सुप्रजननाची चलती होती. इंडियाना राज्याने तर १९०७ मध्येच सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला होता. पुढे भाषणात त्यांनी त्या दाव्याची जी चिरफाड केली ती आजही वाचावी अशी आहे. जात फक्त बाहेर लग्न करू नका म्हणते. आत कुणी कुणाशी करावे याची कोणतीही निवड ती सांगत नाही. आणि रोटीबंदीचे काय? जेवणाने रक्त बदलत नाही. मग एका पंगतीला बसल्याने वंश कसा बिघडतो? म्हणजे वंशसुधारणा ही नंतर लावलेली सबब. मूळ गोष्ट पंगत वेगळी ठेवण्याची. इशिगुरोंच्या कादंबरीला हेच लागू करून पाहावे. उंचावलेली मुले खरोखर किती हुशार आहेत, याचा एकही ठसठशीत पुरावा लेखक आपल्याला देत नाही. त्या साऱ्या मुलांत काही घडवताना दिसतो तो रिकच. मग उंचावून काय मिळाले? वेगळी पंगत मिळाली.

हे केवळ कल्पनेतले आहे असेही कुणी समजू नये. २०१८ च्या नोव्हेंबरात हे जियानक्वी या चिनी संशोधकाने जनुकसंपादन केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. त्याचा सांगितलेला हेतू एचआयव्हीपासून संरक्षणाचा होता, बुद्धिवाढीचा नव्हता, आणि २०१९ च्या अखेरीस त्याला तीन वर्षांची कैद झाली. तरी दार किलकिले झाले ते झालेच.

रिकला दारात मिळालेल्या कौतुकाकडे पुन्हा येतो, कारण त्याची जातकुळी आपल्या साहित्यात नोंदलेली आहे. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ साली आले. महार मुलीने संस्कृत शिकावे, प्राध्यापिका व्हावे, याचे लोकांना वाटलेले आश्चर्य त्यांनी त्यात लिहून ठेवले आहे. ते आश्चर्य कौतुकाचे कपडे घालून येते, आणि ते कपडे किती तोकडे असतात हे त्यांना पुरते कळत होते. नोकरी मिळाली ती कुमुद सोमकुवरला नव्हे, तर लग्नानंतरच्या कुमुद पावडेला, ही त्यांची नोंद तर प्रत्येक निवडमंडळाच्या दालनात टांगून ठेवावी अशी आहे. 'तू तसा वाटत नाहीस हं,' हे वाक्य आमच्यापैकी किती जणांनी किती वेळा ऐकले असेल! ज्याला ते ऐकवले जाते त्याने त्याबद्दल आभार मानावेत अशी अपेक्षा असते. न मानल्यास तो उद्धट. रिक त्या बायकांशी सभ्यपणे बोलतो, आणि त्या सभ्यपणात त्याची किती शक्ती खर्च होते ते इशिगुरो सांगत नाहीत. क्लाराला ते दिसत नाही, म्हणून आपल्यालाही दिसत नाही.

म्हणजे अवघडलेपणाचे दोन प्रकार आहेत, आणि समीक्षेने त्यांची गल्लत करू नये. वरच्या मुलाचा बुजरेपणा हा न मिसळल्याचा बुजरेपणा. त्याच्यासाठी आई मेळावा भरवते, शिक्षक समजून घेतात, लेखक त्याच्यावर हळुवार प्रकरण लिहितो. बुद्धी जरा जास्त आहे ना, म्हणून जमत नाही त्याला चार लोकांत, असे म्हटले जाते. त्याचा दोषही त्याच्या मोठेपणाचा दाखला होतो. खालच्या मुलाचा संकोच सतत न्याहाळले गेल्यामुळे आलेला असतो. हात कोठे ठेवावा, कोणत्या शब्दावर आपली बोली उघडी पडेल, गावाचे नाव सांगावे की तालुक्याचे. त्याच्या संकोचाला मात्र 'व्यक्तिमत्त्वाचा अभाव' म्हणतात आणि मुलाखतीत त्याचे गुण कापतात. मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात बरीच वर्षे शिकवले. मुलाखतीच्या टेबलावर दोन मुले सारखीच अडखळताना मी पाहिली आहेत. एकाविषयी 'अंतर्मुख' असा शेरा पडला, दुसऱ्याविषयी 'पॉलिश नाही'. कोण कुठला होता हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

व्यावसायिक महाविद्यालयांत पहिल्या दिवशी नावानंतर विचारला जाणारा प्रश्न 'रँक किती?' हा असतो. वरकरणी तो अभ्यासाचा प्रश्न. प्रत्यक्षात तो आडनावाला लावलेला चिमटा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. तिचा अहवाल २००७ साली आला. वसतिगृहात एकाकी पाडणे, खानावळीत आणि खेळात दूर ठेवणे, त्रासाला कंटाळून मुलांनी ठरावीक मजल्यांवर एकत्र राहायला जाणे, हे सारे त्यात आहे. देशातल्या सर्वांत अवघड परीक्षांपैकी एक उत्तीर्ण झालेली ही मुले. ती आपल्या मुलांना जेवायला शेजारी बसू देत नव्हती. कोटाचे शिकवणी वर्ग, दोन वर्षांची घरबंदी, आईची रजा, बापाचे कर्ज, या साऱ्याने उंचावलेली ही पिढी जनुकांना हात न लावताच तयार झाली आहे. तिच्यात कोचिंगला गेलेली आपलीही मुले आहेत, हे खरे. पण रँक हातात आल्यावर पंगत कुणाची वेगळी होते, हे त्या अहवालाने सांगितले आहे.

जोसी आणि रिक यांच्यातल्या एका भांडणात जोसी बोलून जाते की माझ्या आईला मैत्रिणी फार नसतील, पण तिच्यामागे 'सोसायटी' आहे. तुझ्या आईला ती नाही. मराठीत याचे भाषांतर करू पाहणाऱ्याला 'समाज' हा शब्द हाताशी आहे, आणि तो चपखल बसतो. 'आमचा समाज' असे आपल्याकडे म्हणतात तेव्हा जात म्हणायची असते. एकही जिवलग नसला तरी 'समाज' असू शकतो. चौदा वर्षांच्या पोरीला हे कळलेले आहे आणि ते तिने आपल्या एकुलत्या एक मित्राच्या तोंडावर फेकले आहे. माझ्या मते या पुस्तकातले सर्वांत भेदक बोल हेच.

जोसीचा बाप पॉल हाही लक्षात ठेवण्याजोगा. हा कुशल अभियंता. यंत्रे आल्यावर त्याची नोकरी गेली. आता तो त्याच्यासारख्या पूर्वीच्या वरच्या थरातल्या लोकांच्या वस्तीत राहतो. ती वस्ती सारी गोऱ्यांची आहे आणि सशस्त्र आहे, हे त्याच्याच तोंडून बाहेर पडते. रिकची आई त्याला त्यावरून टोचतेही. पण लेखक तेथे थांबत नाही, गाडी पुढे नेतो. मला वाटते, त्याने थांबायला हवे होते. मुलांचा उद्दामपणा खोलीभर दाखवायचा आणि बापाच्या बंदुका दोन वाक्यांत उरकायच्या, यात कादंबरीचा तोल गेला आहे.

या विषयावर आधीही लिहिले गेले आहे. नॅन्सी क्रेस यांच्या 'बेगर्स इन स्पेन' या १९९१ च्या दीर्घकथेत झोपेची गरज नसलेली मुले निर्माण केली जातात. तिथली नायिका त्या मुलांपैकी, आणि तिची जुळी बहीण साधी. समर्थांनी असमर्थांचे काय देणे लागावे, हा क्रेसचा प्रश्न आहे. प्रश्न प्रामाणिक आहे, पण तो देणाऱ्याच्या बाजूने विचारलेला आहे. फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारला होता : रयतेच्या करातून वरच्यांना शिकवले, ते ज्ञान खाली झिरपेल असे सांगितले, कोठे झिरपले? समर्थाचे सामर्थ्य कुणाच्या पैशातून आले, हे विचारल्यावर 'देणे' या शब्दाचा अर्थच बदलतो. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, तिकडे गाल्टनने सुप्रजननशास्त्राचे इंग्रजी नाव घडवले. 'गॅटाका' हा १९९७ चा चित्रपट मला अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात न सुधारलेला नायक दुसऱ्याची ओळख धारण करून आत शिरतो आणि रोज स्वतःच्या शरीराच्या खुणा घासून पुसतो. आडनाव बदलून शहरात खोली मिळवणाऱ्याला ते घासणे समजावून सांगावे लागत नाही.

इशिगुरोंच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सेवकाच्या तोंडून मालकांची गोष्ट सांगणे हे त्यांचे जुने सामर्थ्य. १९८९ च्या 'द रिमेन्स ऑफ द डे'मध्ये बटलर, २००५ च्या 'नेव्हर लेट मी गो'मध्ये अवयवांसाठी वाढवलेली मुलगी, आणि आता क्लारा. तिघेही निष्ठावान, तिघेही तक्रार न करणारे. त्यांच्या न बोलण्यातून वाचकाला सारे कळावे, ही लेखकाची भिस्त. ही भिस्त कोणत्या वाचकावर आहे? ज्याने सेवा घेतली आहे त्याच्यावर. त्याला सेवकाचे मौन सुंदर वाटते. आपल्या साहित्यात १९७८ ला 'बलुतं' आले तेव्हा ते मौनच मोडले गेले आणि पुष्कळांना ते असुंदर वाटले. क्लाराच्या निवेदनात करुणा आहे, नजर तीक्ष्ण आहे. नकार मात्र कोठेच नाही. तिला भिरकावण्याची भाषा होते तेव्हाही तिची चिंता जोसीची असते. यंत्र असेच बनवलेले असते, असे उत्तर मिळेल. असेल. पण यंत्रालाच निवेदक करायचे हे ठरवले लेखकाने, आणि त्या निवडीमुळे उंचावलेल्या मुलांना असा साक्षीदार मिळाला जो त्यांच्याविरुद्ध कधीच बोलणार नाही.

त्या घरात दुसरी एक साक्षीदार होती. मेलानिया ही घरकाम करणारी बाई. परदेशातून आलेली, मोडके इंग्रजी बोलणारी. ती क्लारावर करडी नजर ठेवते, जोसीसाठी तिचा जीव तुटतो आणि घरात काहीतरी विपरीत शिजते आहे याचा तिला वास येतो. मेळाव्याचे ते प्रकरण तिच्या बाजूने लिहिलेले मला वाचायला आवडले असते. कोणत्या पोराने कोणाच्या सोफ्यावर पाय ठेवले, आणि नंतर तो सोफा कुणी पुसला, इथून.